उशीर नक्की कुणाला झाला?

परवा मी सहावीच्या इंग्रजीच्या वह्या तपासत होते. एका वहीत वाक्य होतं – मीना सेड दॅट आय ॲम लेट.

मी विचारलं, "काय रे, उशीर तुला झाला होता?"

"नाही बाई, मीनाला!"

चूक त्याची कमी, आपल्या मराठी सवयीची जास्त. आपण म्हणतो, 'मीना म्हणाली, की मला उशीर झालाय.' इथे 'मला' म्हणजे मीनाला, हे सगळ्यांना कळतं. इंग्रजीचं तसं नाही बरं का! तिथे 'दॅट' आला, की 'आय' म्हणजे मीना उरत नाही, वाक्य लिहिणारा होतो. म्हणजे वहीप्रमाणे उशीर त्या बिचाऱ्यालाच झाला!

मीनाचे शब्द जसेच्या तसे द्यायचे असतील, तर 'दॅट'ला आधी रजा द्या. मग लिहा:

मीना सेड, "आय ॲम लेट."

आता नीट निरखून बघा. 'सेड'नंतर स्वल्पविराम आहे. मग अवतरणचिन्ह उघडलं. आतलं पहिलं अक्षर कॅपिटल हवं. (देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसतात, म्हणून हे हमखास विसरतं.) आणि पूर्णविराम? तो अवतरणचिन्हाच्या आत. बाहेर उभा केलात तर गुण जातील!

वाक्य उलटं केलं तर?

"आय ॲम लेट," सेड मीना.

इथे 'लेट'नंतर पूर्णविराम नाही, स्वल्पविराम आहे. कारण अख्खं वाक्य अजून संपलेलं नाही. पण मीनाने प्रश्न विचारला असेल, तर प्रश्नचिन्ह तसंच ठेवायचं. त्याच्या जोडीला स्वल्पविराम नको:

"ॲम आय लेट?" आस्क्ड मीना.

कधी कधी 'सेड मीना' मध्येच घुसतं:

"आय ॲम लेट," सेड मीना, "बिकॉज द बस ब्रोक डाउन."

इथे 'बिकॉज'चा बी लहानच राहतो. मीनाचं वाक्य तेच पुढे चाललंय ना!

गोष्टीच्या पुस्तकात कुठे एकेरी तर कुठे दुहेरी अवतरणचिन्हं दिसतील. ब्रिटिश पुस्तकांत बहुधा एकेरी, अमेरिकन पुस्तकांत दुहेरी. दोन्ही बरोबर; फक्त एका निबंधात एकच पद्धत ठेवा. आणि बोलणारा बदलला, की नवा परिच्छेद.

आता पाटी-पेन्सिल घ्या. आईबाबांनाही जवळ बसवा. हे वाक्य मी मुद्दाम चिन्हांशिवाय देतेय:

मदर सेड आय विल कम टुमारो

उद्या येणार कोण, आई की तुम्ही? दोन्ही अर्थांची वाक्यं इंग्रजीत लिहून दाखवा बरं!