आभासी यंत्रांचा यजमान आणि दूरस्थ आज्ञेचे द्वार

रामटेकच्या गडावरील मंदिरांकडे जाताना वराह, सिंगपूर, भैरव आणि गोकुळ असे दरवाजे एकामागून एक लागतात. वाट एकच आहे. परंतु ती अनेक ठिकाणी अडविता यावी अशी गडाची रचना आहे. एखाद्या विद्यापीठीय विभागाच्या सर्व्हरला दूरवरून आज्ञा देण्याची सोय करावयाची असेल, तर नेमक्या अशाच रचनेचा विचार करावा लागतो.

कल्पना करू की, रामटेक येथील एका विभागात एकाच सर्व्हरवर चार आभासी संगणक चालतात. एकात हस्तलिखितांची छायाचित्रे, दुसऱ्यात बोलींच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह, उरलेल्या दोहोंत ग्रंथालय व कार्यालय यांचे व्यवहार. त्याची देखभाल करणारा तंत्रज्ञ राहतो सुमारे पन्नास किलोमीटरांवरील नागपुरात. रात्री काही बिघडले तर त्याने प्रत्येक वेळी रामटेक गाठावे हे शक्य नाही, आणि म्हणून दूरस्थ प्रवेशाची गरज उत्पन्न होते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. आभासी संगणकाची संपूर्ण तबकडी ही यजमान यंत्राच्या दृष्टीने केवळ एक फाईल असते. सबब यजमानावर ज्याची सत्ता चालते, त्याची चारही संगणकांवर चालते. एका फाईलीबरोबर वर्षानुवर्षांचे ध्वनिमुद्रण पुसले जाऊ शकते. व्हीएमवेअर कंपनीच्या ईएसएक्सआय या यजमान-प्रणालीत हे द्वार मुळातच बंद ठेवलेले असते, त्याचे कारण हे होय.

ज्या पद्धतीने हे द्वार उघडते तिचे नाव ‘सिक्युअर शेल’, संक्षेपाने एसएसएच. तत्पूर्वी प्रचलित असलेल्या टेलनेटमध्ये संकेतशब्दासह सर्व मजकूर उघड्या पत्रासारखा तारेवरून जात असे. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात असे संकेतशब्द चोरले गेल्याचे आढळले, आणि तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी एसएसएचची पहिली आवृत्ती रचली. १९९९ मध्ये ओपनबीएसडी मंडळींनी ओपनएसएसएच ही मुक्त आवृत्ती प्रसिद्ध केली. आज बहुतेक सर्व्हरांवर तीच आढळते. तिच्यासाठी २२ क्रमांकाचे पोर्ट राखून ठेवलेले आहे.

प्रत्यक्ष कृती अल्प आहे. यजमानाच्या पडद्यासमोर बसून एफ-२ ही कळ दाबावी, ‘रूट’ या सर्वाधिकारी नावाने प्रवेश करावा, ‘ट्रबलशूटिंग ऑप्शन्स’ या सदरात जावे आणि ‘एनेबल एसएसएच’ निवडावे. ब्राउझरमधून करावयाचे असल्यास ‘मॅनेज’ सदरातील ‘सर्व्हिसेस’च्या यादीत टीएसएम-एसएसएच ही सेवा सुरू करावी. एवढे होताच प्रणाली स्वतःच सूचना दाखविते की द्वार उघडे आहे. ही सूचना डोळ्यांत खुपते म्हणून ती कायमची दडपून टाकण्याची सोयही आहे, आणि अनेक जण ती वापरतात. द्वार उघडे राहिल्याचे स्मरण देणारा एकमेव आवाज बंद करण्यात शहाणपण नाही.

आता ओळख पटविण्याचा प्रश्न. संकेतशब्दापेक्षा किल्ल्यांची जोडी श्रेयस्कर. (इंग्रजीत कळफलकावरील कळ आणि कुलपाची किल्ली या दोहोंना एकच शब्द आहे, मराठीला दोन आहेत, ही सोय सोडू नये.) जोडीतील सार्वजनिक अर्धे यजमानावर ठेवायचे, ते कोणी पाहिले तरी बिघडत नाही. खाजगी अर्धे तंत्रज्ञाच्याच संगणकावर, तेही स्वतंत्र परवलीच्या वाक्याने बंदिस्त. मात्र किल्ली बसविली म्हणून संकेतशब्दाचा मार्ग आपोआप बंद होत नाही. तो निराळा बंद करावा लागतो.

ओळख उभयपक्षी असते, ही बाब पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. पहिल्यांदा जोडणी करताना यजमान आपला ठसा, म्हणजे अक्षरांची एक लांब मालिका, दाखवितो आणि विश्वास ठेवावा काय असे विचारतो. बहुतेक जण न वाचताच होकार देतात. वस्तुतः त्या वेळी रामटेकच्या यंत्रासमोर असलेल्या सहकाऱ्यास दूरध्वनी करून ती मालिका अक्षरशः जुळवून घ्यावी. पाच मिनिटांचे हे काम न केल्यास मध्ये बसलेल्या तोतयाच्या हाती किल्ली नव्हे, पण आज्ञा व संकेतशब्द मात्र जाऊ शकतात.

यापुढील अडसर फायरवॉलचा. २२ क्रमांकाचे पोर्ट केवळ विभागाच्या अंतर्गत जाळ्यातील ठरावीक पत्त्यांसाठीच मोकळे असावे, आणि नागपुरातील तंत्रज्ञाने प्रथम व्हीपीएनद्वारे त्या जाळ्यात यावे. इंटरनेटवर ते थेट उघडे राहिल्यास अज्ञात यंत्रे संकेतशब्दांचे तर्क लढवीत राहतात. ईएसएक्सआयमध्ये प्रचलित मांडणीनुसार पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते पंधरा मिनिटे कुलूपबंद होते. परिणाम असा की, चोर आत येत नाही, पण खऱ्या तंत्रज्ञालाही दूरून आत येता येत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘ईएसएक्सआयआर्ग्स’ या खंडणीखोर आज्ञावलीने जगभरातील हजारो यजमानांच्या फाईली कूटबद्ध केल्या. त्या वेळी संशयाचा मुख्य रोख एसएसएचवर नव्हता, तर एसएलपी या दुसऱ्याच सेवेवर होता. तिच्यातील दोषावरील दुरुस्ती दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारी २०२१ मध्येच उपलब्ध झालेली होती. बहुतेकांना जिची गरजही नव्हती अशी ती सेवा कित्येक ठिकाणी इंटरनेटसमोर उघडी होती.

प्रॉक्समॉक्स ही डेबियनवर आधारलेली मुक्त प्रणाली वापरणाऱ्यांचे काम उलट आहे. तेथे एसएसएच प्रारंभापासूनच चालू असते आणि ‘रूट’ला संकेतशब्दाने प्रवेशही मिळतो, म्हणून उघडण्याऐवजी आवरण्यापासून सुरुवात करावी लागते.

ईएसएक्सआयमध्ये दोन कालमर्यादा ठरविता येतात : सेवा किती वेळ उपलब्ध राहावी आणि निष्क्रिय बैठक किती वेळाने तुटावी. दोन्ही मुळात शून्यावर, म्हणजे अमर्याद असतात. पहिली मर्यादा संपली तरी आधीच आत असलेल्याची बैठक चालू राहते, त्यामुळे दुसरी ठरविल्यावाचून पहिली अपुरी पडते. सामान्य दुरुस्तीसाठी पहिली एक तास आणि दुसरी दहा मिनिटे ठेवल्यास काम अडत नाही. आणि नागपुरातील तंत्रज्ञ द्वार लावण्यास विसरला तरी रात्री ते आपोआप लागते.