नामहीन कारागिरांची जबानी

नाण्यांच्या खेळांचा इतिहास : लेखांक सहावा

आर्केड यंत्रांच्या सर्किट बोर्डांवरील चिप कालौघात निकामी होण्यापूर्वी त्यांतील प्रोग्रॅम उतरवून घेऊन ते संगणकावर चालविण्याचा जो उद्योग निकोला साल्मोरिया या इटालियन तरुणाने १९९७ साली ‘मेम’ या नावाने आरंभिला, आणि जो पुढे जगभरच्या हौशी तंत्रज्ञांनी अखंड चालू ठेवला, त्याचा वृत्तान्त गेल्या लेखांकात आला. या उद्योगामुळे यंत्रे भंगारात गेली तरी खेळ वाचले. १९८० साली टोकियोच्या एखाद्या गेम सेंटरात जे चित्र पडद्यावर उमटत असे, तेच चित्र त्याच गतीने आज कोणाच्याही संगणकावर उमटू शकते. परंतु तो खेळ कोणी रचला, कोणत्या अडचणीत रचला, अमुक एक गोष्ट तशीच का केली आणि दुसरी का टाळली, या प्रश्नांची उत्तरे चिपमध्ये सहसा नसतात. ती ज्यांच्या स्मरणात आहेत ती माणसे आज वृद्धत्वाकडे झुकली आहेत. त्यांच्यापर्यंत जाऊन त्यांची जबानी टिपून घेण्याचे जे कार्य मुख्यत्वे त्या खेळांच्या चाहत्यांनी पत्करले, त्याचे स्वरूप, मोल आणि मर्यादा यांचा विचार आजच्या लेखांकात करावयाचा आहे.

क्वचित एखाद्या वेळी मात्र चिपच बोलू लागते. निन्टेन्डो कंपनीचा ‘डाँकी काँग’ हा खेळ १९८१ साली आला, आणि शिगेरू मियामोतो यांची कीर्ती तेथून सुरू झाली. या खेळाचा प्रोग्रॅम चाहत्यांनी पुढे उलगडून पाहिला, तेव्हा त्यात एक संदेश दडविलेला आढळला. हा बिकट प्रोग्रॅम उकलून पाहणाऱ्याचे अभिनंदन करून, आम्ही तुम्हांला शिकवू, अशा आशयाचे मोडकेतोडके इंग्रजी वाक्य, त्याखाली जपानमधील दूरध्वनी क्रमांक आणि अखेरीस इकेगामी या कंपनीचे नाव असा तो मजकूर होता. इकेगामी त्सुशिन्की ही वस्तुतः दूरदर्शनचे कॅमेरे व प्रक्षेपणाची साधने बनविणारी कंपनी. तिच्या अभियंत्यांनी ‘डाँकी काँग’चे प्रोग्रॅमिंग कंत्राटावर केले होते. पुढे या प्रोग्रॅमच्या मालकीवरून तिने १९८३ साली निन्टेन्डोवर दावा लावला आणि १९९० साली उभयपक्षी तडजोड होऊन तो निकालात निघाला. खेळाच्या यंत्रावर, जाहिरातीत वा पडद्यावर ज्यांना स्थान मिळाले नाही, त्यांनी आपल्या अस्तित्वाचा दाखला चिपच्या पोटात ठेवून दिला, आणि तो वाचणारे डोळे मिळेपर्यंत तो तेथे पडून राहिला.

ही अनामिकता अपघाताने आलेली नव्हती. १९७८ साली तायतो कंपनीच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ने जपानभर जी लाट उसळविली, तिच्यानंतर अल्पावधीत अनेक कंपन्या या धंद्यात उतरल्या, आणि कुशल प्रोग्रॅमर हे त्यांचे सर्वांत मोलाचे भांडवल होऊन बसले. आपला माणूस प्रतिस्पर्ध्याने फोडून नेऊ नये म्हणून त्याचे नाव बाहेर कळू द्यायचे नाही, असा शिरस्ता बहुतेक कंपन्यांत पडला. नामावली दाखवावीच लागली तर तीत टोपणनावे घातली जात. कॅपकॉमच्या १९८७ सालच्या ‘स्ट्रीट फायटर’चे कर्ते ताकाशी निशियामा व हिरोशी मात्सुमोतो हे ‘पिस्टन ताकाशी’ आणि ‘फिनिश हिरोशी’ होऊन अवतरले; ‘स्ट्रीट फायटर टू’ला अविस्मरणीय संगीत देणाऱ्या योको शिमोमुरा यांचे नाव ‘शिमो-पी’ एवढेच राहिले. कायद्याचीही यास अनुकूलता होती. जपानच्या स्वामित्वहक्क कायद्याच्या पंधराव्या कलमान्वये नोकरीच्या ओघात निर्माण झालेल्या कृतीचा केवळ हक्कच नव्हे, तर कर्तेपणसुद्धा विशिष्ट अटींवर मालक संस्थेकडे जाते. कारागीर वेतनाचा धनी राहिला. कृतीवर नाव मात्र कंपनीचे लागले.

कंपनी चिरंजीव असती तर तिच्या दप्तरातून तरी पुढे ही माहिती मिळाली असती. परंतु या धंद्यातील कंपन्या खेळांहूनही अल्पायुषी ठरल्या. ‘डबल ड्रॅगन’ निर्माण करणारी तेक्नोस १९९६ साली बंद पडली. १९७६ साली स्थापन झालेल्या डेटा ईस्टने २००३ साली दिवाळे काढले. विमानांच्या युद्धखेळांत ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता त्या तोआप्लानचा कारभार १९९४ साली आटोपला. अशा वेळी आराखडे, रेखाटने आणि पत्रव्यवहार यांची विल्हेवाट लागली, आणि माणसे पांगली. छापील ग्रंथांची काळजी घेणारी राष्ट्रीय ग्रंथालये असतात. भाड्याच्या जागेत विजेवर चालणाऱ्या एका यंत्राची कुळकथा जपणे हे कोणाचेच विहित कर्म नव्हते. ते चाहत्यांनी आपखुशीने अंगावर घेतले.

या परंपरेचे मूळ खुद्द जपानात आहे. सातोशी ताजिरी या तरुणाने १९८३ साली ‘गेम फ्रीक’ नावाचे हस्तलिखित वजा नियतकालिक स्वतः पाने जुळवून काढावयास आरंभ केला. नामकोच्या ‘झेवियस’मधील गुप्त मनोरे व पताका यांचा छडा लावणाऱ्या खेळाडूंची तृष्णा असल्याच पत्रकांनी भागविली. त्याच नावाची ताजिरींची कंपनी पुढे ‘पोकेमॉन’मुळे जगन्मान्य झाली, हे वाचकांस ठाऊक असेल. १९८६ साली निघालेल्या ‘गेमेस्ट’ या मासिकाने आर्केड खेळ हाच आपला एकमेव विषय मानला आणि कर्त्यांच्या मुलाखतींना मानाचे पान दिले. १९९९ साली ते मासिक बंद पडले, आणि त्यानंतर या कामाची धुरा मोठ्या प्रमाणावर परदेशस्थ चाहत्यांकडे गेली. फ्लोराँ गोर्ज या फ्रेंच अभ्यासकाने ‘स्पेस इन्व्हेडर्स’चे कर्ते तोमोहिरो निशिकादो यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. जॉन शेपानिआक या पत्रकाराने वाचकांकडून आगाऊ वर्गणी जमवून जपान गाठले, आणि २०१४ ते २०१८ या काळात जपानी खेळकर्त्यांच्या अप्रकाशित इतिहासाचे तीन जाडजूड खंड सिद्ध केले. ‘गेम डेव्हलपर रिसर्च इन्स्टिट्यूट’ या भारदस्त नावाखाली वस्तुतः मूठभर हौशी मंडळी एकत्र आली असून, ज्यांचे नाव कोठेच लागले नाही अशा कंत्राटी कंपन्यांचा शोध घेणे हे त्यांनी आपले व्रत केले आहे.

चाहता हा पृच्छक म्हणून व्यावसायिक वार्ताहराहून निराळा कोठे ठरतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. वार्ताहर बहुधा विचारतो की, कल्पना कशी सुचली. आणि शंभरदा विचारल्या गेलेल्या प्रश्नाला शंभरदा दिलेले घोटीव उत्तर मिळते. ज्याने तो खेळ वर्षानुवर्षे खेळला आहे, तो विचारतो की, तिसऱ्या टप्प्यातील शत्रू जपानी आवृत्तीत डावीकडून येतो आणि परदेशी आवृत्तीत येत नाही, हे कोणी व कशासाठी बदलले. आणि या प्रश्नाला तयार उत्तर नसल्यामुळे सांगणाऱ्यास स्मृतीच्या तळाशी उतरावेच लागते. आपल्या हातच्या एवढ्या बारीक कामाची दखल कोणीतरी घेतली, या जाणिवेने अबोल माणूसही बोलता होतो. शेपानिआक यांनी आपल्या साक्षीदारांकडून त्यांच्या जुन्या कार्यालयांचे नकाशे कागदावर काढवून घेतले, ही युक्ती मला फार मार्मिक वाटते. मेज कोठे होते, खिडकी कोणत्या बाजूस होती, शेजारी कोण बसे, हे रेखाटता रेखाटता नावे आठवतात, नावांमागून प्रसंग येतात, आणि ज्याची कोठेही नोंद नाही असा एखादा सहकारी पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसतो.

अशा जबान्यांतून जे हाती आले, त्याचे दोन-तीन मासले पाहण्यासारखे आहेत. ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये शत्रूंची संख्या घटत जाते तसतसा उरलेल्यांचा वेग वाढत जातो आणि खेळणाऱ्याचा श्वास कोंडतो. हा परिणाम आधी योजलेला नव्हता. त्या काळच्या प्रोसेसरला सर्व आकृत्या हलविताना वेळ लागे, आणि आकृत्या कमी झाल्या की तो मोकळा होई. निशिकादोंनी ते पाहिले, त्यातील रंगत ओळखली आणि ते तसेच राहू दिले. ‘स्ट्रीट फायटर टू’मध्ये एका प्रहारास लगेच दुसरा जोडण्याची जी रीत या संपूर्ण खेळप्रकाराचा प्राण होऊन बसली, ती तर दोष तपासताना सापडली. मोटार फोडण्याच्या टप्प्याची पाहणी करताना नोरिताका फुनामिझु यांच्या लक्षात आले की, मध्ये एक जास्तीचा ठोसा बसतो. त्यासाठी लागणारे वेळेचे भान सामान्य खेळाडूस साधणार नाही असे समजून त्यांनी तो प्रकार गुप्त करामत म्हणून ठेवून दिला. तोआप्लानच्या ‘झीरो विंग’चे विचित्र इंग्रजी संवाद पुढे जगभर हास्याचा विषय झाले, त्या खेळाचे संगीतकार तात्सुया उएमुरा यांनी सांगितले की, ते भाषांतर कंपनीत परदेशी व्यवहार पाहणाऱ्या एका गृहस्थाने केले होते. लहान कंपनीत एकेका माणसाने किती कामे अंगावर घ्यावयाची, याचे त्या एका उत्तरात केवढे चित्र आहे! उएमुरा स्वतः प्रोग्रॅमही लिहीत आणि संगीतही रचीत. त्यांचे सहकारी मासाहिरो युगे यांचेही तसेच होते. नामकोच्या संगीतकार जुन्को ओझावा यांनी आपण ध्वनिलहरींचे आकार हाताने रेखाटून एकेक स्वर कसा घडविला हे सांगितले, तेव्हा ज्या ध्वनीला लोक यंत्राचा समजत होते, त्यामागील मनुष्याचा हात दिसू लागला.

परंतु जबानी म्हणजे निर्णय नव्हे. माणूस तीस-चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो तेव्हा घडलेले, ऐकलेले आणि पुढे वाचलेले यांची त्याच्या मनात सरमिसळ झालेली असते, आणि चाहत्याच्या ठिकाणी असलेली भक्ती त्याला उलटतपासणी करू देत नाही. एक तुकडा काढलेला पिझ्झा पाहून तोरू इवातानी यांना ‘पॅक-मॅन’ सुचला, ही कथा सर्वतोमुखी आहे. पण सुझन लॅमर्स यांच्या १९८६ सालच्या ‘प्रोग्रॅमर्स अॅट वर्क’ या मुलाखतसंग्रहात खुद्द इवातानींनी ती अर्धीच खरी असल्याचे सांगितले, आणि तोंड या अर्थाच्या चौकोनी जपानी अक्षराला गोलाई देण्याचा विचार हे त्या आकृतीचे दुसरे मूळ सांगितले. ‘स्पेस इन्व्हेडर्स’पायी जपानात शंभर येनच्या नाण्यांचा तुटवडा पडून सरकारी टांकसाळीस जादा नाणी पाडावी लागली, ही आख्यायिका तर ग्रंथांतरीही शिरली आहे; परंतु १९७८ व १९७९ या दोन्ही वर्षी पाडलेली नाणी त्या दशकाच्या पूर्वार्धातील नाण्यांहून कमीच होती, असे टांकसाळीचे आकडे दाखवितात. गोष्ट कितीही गोड असली तरी ती कागदाशी रुजू घातल्यावाचून स्वीकारू नये, हा दंडक येथेही पाळला पाहिजे.

सुदैवाने ताडून पाहण्याची साधने अगदीच दुर्मीळ नाहीत. ओसाकाहून १९७४ साली निघू लागलेले ‘गेम मशीन’ हे धंद्याचे पाक्षिक वृत्तपत्र, त्याचे संपादक मासुमी आकागी यांचा २००५ साली प्रसिद्ध झालेला जपानी आर्केड धंद्याचा बृहद् इतिहास, कंपन्यांची जाहिरातपत्रके, न्यायालयांतील दावे आणि खुद्द चिपमधील प्रोग्रॅम, या सर्वांशी साक्ष जुळवून पाहता येते. विद्यापीठांनीही आता लक्ष घातले आहे. हितोत्सुबाशी विद्यापीठाच्या अभ्यासकांनी या उद्योगातील व्यक्तींच्या जबान्या रीतसर नोंदविल्या. रित्सुमेइकान विद्यापीठात २०११ साली खेळांच्या अध्ययनाचे केंद्र निघाले. विद्वानांकडे शिस्त आहे आणि चाहत्यांकडे तपशिलाचे ज्ञान आहे. दोघांनी एकमेकांची रीत उचलली तर हा इतिहास भक्कम पायावर उभा राहील, असा मला विश्वास वाटतो.

मात्र यास मुदत आहे. तायतोचा ‘बबल बॉबल’ हा निर्मळ आनंदाचा खेळ १९८६ साली घडविणारे फुकिओ मित्सुजी २००८ साली वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी निवर्तले. सेगात १९८० च्या दशकात आर्केड खेळांपासून आरंभ करून मोठे नाव कमाविलेल्या रिएको कोदामा २०२२ साली गेल्या. त्यांना जे विचारावयाचे राहिले, ते आता कोणासही विचारता येणार नाही.

आणि जेथे वेळीच विचारले गेले, तेथे फलश्रुती केवळ ग्रंथांपुरती राहिलेली नाही. कॅपकॉमसाठी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात संगीत रचणाऱ्या मानामी मात्सुमाए यांना नव्या पिढीच्या चाहत्यांनी शोधून काढले, आणि २०१४ सालच्या ‘शव्हेल नाइट’ या अमेरिकन खेळात त्यांच्या दोन रचना समाविष्ट झाल्या. मासाहिरो युगे यांनी तोआप्लानच्या खेळांचे हक्क सांभाळण्यासाठी ‘तात्सुजिन’ ही नवी कंपनी स्थापन केली. ज्याची नोंद मालकाने केली नाही त्याची नोंद खेळणाऱ्याने केली, एवढेच नव्हे, तर त्या नोंदीमुळे कारागिरास आपले काम पुन्हा हाती घेता आले. म्हणून माझे तरुण वाचकांस आग्रहाचे सांगणे आहे की, ज्या खेळावर आपले प्रेम आहे त्याची शेवटची नामावली पूर्ण वाचावी, तीतील अपरिचित नावे टिपून ठेवावी, आणि त्या नावांमागच्या माणसांना विचारण्याजोगे प्रश्न आजच तयार करावेत. कारण उत्तम प्रश्न हा दीर्घ प्रेमाच्या पोटी जन्मतो आणि उत्तर देणारा फार काळ थांबू शकत नाही.

पुढील लेखांकात तोआप्लानच्या विसर्जनानंतर तिच्या माणसांनी केव्ह आदी कंपन्यांतून जो नवा खेळप्रकार घडविला, ज्यात गोळ्यांच्या वर्षावाने अवघा पडदा भरून जातो, त्याच्या जडणघडणीचा विचार करू.