आडवा वारा आणि धरमतरचा पूल

पावसाळा आला की बाईकवरून अलिबागला जायचा बेत एकदा तरी शिजतोच. वडखळला मुंबई-गोवा हायवे सोडला की पोयनाडच्या वाटेवर धरमतरचा पूल लागतो. खाली अंबा नदीची खाडी, आजूबाजूला खारफुटी आणि खारजमिनीची शेतं. वारा अडवायला काहीच नाही. खाडी पुढे मुंबई बंदराच्या पाण्याला मिळते आणि पूल तिला आडवा जातो. म्हणजे खाडीच्या लांबीने येणारा वारा आपल्याला थेट बाजूने लागतो.

आता थोडा हिशेब. वाऱ्याचं बल हे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये घोकलेलं आहेच. बाईक आणि चालक मिळून बाजूचं क्षेत्रफळ सुमारे १.२ चौ.मी. आणि ड्रॅग कोएफिशंट १ धरू. ताशी ५० कि.मी. वाऱ्यात बाजूचं बल येतं साधारण १४ किलो वजनाइतकं. गाडी आणि चालकाचं वजन २०० किलो असेल, तर तोल राखायला वाऱ्याच्या दिशेने साधारण ४ अंश कलावं लागतं. वारा ७० चा झाला की बल दुप्पट, कल ८ अंश. यात गाडीचा स्वतःचा वेग धरलेला नाही. तो धरला तर बाजूचं बल आणखी वाढतं. म्हणूनच वाऱ्यात वेग कमी करायचा.

पण ४ अंश कललेली गाडी काही पडत नाही. वारा एकसारखा असेल तर आपण नकळत जुळवून घेतो. खरा धोका आहे तो वारा अचानक बदलण्याचा. समजा वारा उजवीकडून आहे, आपण उजवीकडे कललोय आणि समोरून ट्रेलर आला. ट्रेलरच्या आडोशाला वारा एकदम बंद होतो, पण आपला कल तसाच राहतो आणि गाडी ट्रेलरकडेच ओढली जाते. तो निघून गेला की झोत पुन्हा आदळतो आणि गाडी कठड्याकडे जाते. वडखळ परिसरात अवजड वाहनांची कमतरता नाही, तेव्हा हे लक्षात ठेवाच.

मग करायचं काय?

१) पुलावर चढण्याआधीच वेग ४०च्या आसपास आणा. अगदी रांगतही जाऊ नका, फार कमी वेगात गाडी स्वतःचा तोल धरत नाही.

२) हँडल घट्ट आवळू नका. कोपर सैल, गुडघे टाकीला टेकलेले. घट्ट धरलं की अंगाला बसलेला प्रत्येक धक्का हँडलमध्ये उतरतो.

३) झोत ज्या बाजूने येईल त्या बाजूची मूठ हलकेच पुढे ढकला. गाडी त्याच बाजूला कलते. यालाच काउंटरस्टिअरिंग म्हणतात.

४) वारा डावीकडून असेल तर तो समोरच्या वाहनांकडे ढकलतो, म्हणून लेनच्या डाव्या भागात राहा. उजवीकडून असेल तर कठड्याला चिकटू नका, मध्ये राहा.

५) रेनकोटची बटणं लावा. फडफडणारा रेनकोट म्हणजे शीडच. मागे बसणाऱ्याने चिकटून बसावं, मध्येच हलू नये.

६) ब्रेक हळू आणि गाडी शक्य तितकी सरळ ठेवून. ओल्या रस्त्यावर कललेल्या टायरची पकड आधीच कमी असते.

७) वाऱ्यात साइड स्टँडवर गाडी लावताना तिची उजवी बाजू वाऱ्याकडे ठेवा आणि गिअर टाका. डावीकडून वारा आला तर गाडी स्टँडवरून उलटू शकते.

आणि एक. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी १०० कि.मी.च्या वर होता. वरच्याच हिशेबाने १०० ला बल ५६ किलोच्या आसपास जातं, कल १६ अंश! तिथे कुठलंही तंत्र चालत नाही. लेन सांभाळता येत नसेल तर पुलावर न थांबता आधीच वडखळला किंवा पोयनाडला थांबा, चहा मागवा. वारा उतरेपर्यंत अलिबाग काही कुठे पळून जात नाही!