दिव्यांच्या अवसेला चला लक्झरला!

आषाढी अमावास्येला भोर-वेल्ह्यात काय चित्र असतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. खाचरांत लावणीची घाई, भाटघरचं पाणी दिवसागणिक वर चढतंय, तोरणा चार-चार दिवस ढगातून डोकं काढत नाही. घरात समया-निरांजनं चिंचेनं घासून पाटावर मांडलेली आणि चुलीवर कणकेचे गोड दिवे वाफवायला ठेवलेले.

आता जुनी पंचांगं काढा आणि गंमत बघा. ११ ऑगस्ट १९९९, १ ऑगस्ट २००८, २२ जुलै २००९. तिन्ही दिवशी खग्रास सूर्यग्रहण आणि तिन्ही दिवशी दिव्यांची अवस! पुढे १२ ऑगस्ट २०२६, २ ऑगस्ट २०२७ आणि २२ जुलै २०२८ या लागोपाठच्या तीन वर्षांतली खग्रास ग्रहणंसुद्धा नेमकी याच तिथीला. यात कसली करणी नाही. १९ वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जवळजवळ जुळतात, म्हणून २००८-२००९ ची जोडी २०२७-२०२८ मध्ये परत भेटते. २२ जुलैला तर १९९० मध्येही खग्रासच होतं.

म्हणजे आपल्याकडे धो धो पाऊस आणि तिकडे सूर्याचा सर्वांत देखणा सोहळा. मग सामान बांधायलाच हवं.

इथे बसून का दिसत नाही?

सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट मोठा आणि सुमारे ४०० पट लांब. त्यामुळे आकाशात दोघांचं बिंब सारख्याच आकाराचं दिसतं. पण चंद्राची गडद सावली जमिनीवर टेकते ती जेमतेम शे-दोनशे किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात, आणि पट्टा कुठून जाईल ते आपल्या हाती नाही. एकाच गावावरून तो पुन्हा जायला सरासरी ३७५ वर्षं लागतात.

विसाव्या शतकापासून आजवर भोर-वेल्ह्यावरून एकदाही गेलेला नाही. १९८० ला तो अंकोला, हुबळी, रायचूरवरून गेला. १९९५ ला ऐन दिवाळीत राजस्थानातल्या नीमका थान्यापासून बंगालच्या डायमंड हार्बरपर्यंत. २००९ ला सुरत, इंदूर, पाटणा. आपल्या वाट्याला दरवेळी खंडग्रास.

‘खंडग्रास तर बघितलं की, त्यात आणि खग्रासात फरक तो किती?’ असं कोणी म्हणालं तर त्याला एवढंच सांगा: ९९ टक्के सूर्य झाकला तरी उरलेला एक टक्का पौर्णिमेच्या चंद्राच्या हजारो पट उजेड देतो. तेवढ्या उजेडात सूर्याभोवतीचं प्रभामंडल दिसतच नाही. ते दिसतं शेवटची किनार विझल्यावरच. माझ्या मते विमानाचं तिकीट काढावं ते या एका टक्क्यासाठी.

राजगडाच्या दिवसांतली ग्रहणयात्रा

ग्रहणासाठी वाट तुडवणं आपल्याला नवीन नाही. ६ जानेवारी १६६५, पौष अमावास्या, सूर्यग्रहण. स्वराज्याची राजधानी तेव्हा वेल्ह्यातल्या राजगडावर होती. त्या पर्वकाळी शिवाजी महाराजांनी महाबळेश्वरी जिजाऊंची सुवर्णतुला केली, सोनोपंत डबिरांचीही केली. रायरेश्वराच्या पठारावर उभं राहिलं की दक्षिणेकडच्या डोंगररांगांत ते महाबळेश्वर आहे. (तारीख जुन्या कालगणनेची. आजच्या कॅलेंडरात तो दिवस १६ जानेवारीला येतो.)

तेव्हा ग्रुप टूर इकडे यायच्या

मला या विषयातलं सगळ्यात आवडतं पान १८९८ चं. २२ जानेवारी, पुन्हा पौष अमावास्या, स्वच्छ कोरडं आकाश. सावली कोकण किनाऱ्यावर चढली आणि सोलापूर, विदर्भावरून ईशान्येला निघून गेली. तिच्यासाठी जगभरातली मंडळी महिनाभर आधीपासून बोटींनी मुंबईत उतरत होती, तीही प्लेगच्या साथीत.

करमाळा तालुक्यातलं जेऊर, भोरपासून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आतलं रेल्वेचं गाव. तिथे कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल उतरले, सोबत पत्नी एलिझाबेथ आणि तब्बल ४० फूट लांबीचा कॅमेरा. जपानची तुकडी आली. आणि पुण्याहून आले कावसजी दादाभाई नायगमवाला, सायन्स कॉलेजचे प्राध्यापक, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख. त्यांनीही याच माळावर सूर्याचा वर्णपट टिपला आणि सविस्तर अहवाल छापला. अमेरिका, जपान आणि पुणे एका गावच्या माळावर, आणि सगळं कशासाठी, तर सुमारे दोन मिनिटांसाठी!

तिकडे विदर्भात पुलगाव आणि तळणीला ब्रिटिश मंडळी होती. तळणीच्या तळावर ॲनी माउंडर यांनी छोट्याशा भिंगाच्या कॅमेऱ्यानं प्रभामंडलाचा एक किरण टिपला, सूर्याच्या व्यासाच्या सहापट लांब! एवढा लांब किरण तोवर कोणाच्याच छायाचित्रात आलेला नव्हता. मोठाली यंत्रं घेऊन आलेल्यांना जे साधलं नाही, ते त्यांनी हातात मावणाऱ्या भिंगावर साधलं.

विजयदुर्गावर ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर होते. मेल्पोमीनी या युद्धनौकेच्या नौसैनिकांना त्यांनी कामं वाटून दिली आणि रंगीत तालमी घेतल्या. एक गैरसमज इथेच दूर करू. ‘लॉकियरनं १८६८ च्या ग्रहणात विजयदुर्गावरून हेलियम शोधला’ असं सर्रास सांगितलं जातं. १८६८ ला लॉकियर इंग्लंडात होते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, त्यांनी तिथूनच सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा पाहिली. १८ ऑगस्टच्या ग्रहणाला जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होता, तर लेफ्टनंट हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीला ढगांशी झुंजत होता. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ ला, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांच्या प्रयोगशाळेत. विजयदुर्गाला जरूर जा, लॉकियर यांच्या दुर्बिणींसाठीचे ‘साहेबाचे कट्टे’ बघा, पण साहेब आला तो ३० वर्षांनी.

मराठी घरांच्या अंगणात

८ एप्रिल २०२४ ला सावली अमेरिकेवरून गेली. डॅलस, इंडियानापोलिस, क्लीव्हलँड, बफेलो ही शहरं थेट पट्ट्यात, आणि या सगळ्या शहरांत मराठी घरं. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. आदल्या दिवशी प्रभामंडल, दुसऱ्या दिवशी श्रीखंड! भोरात तेव्हा रात्र होती. २०२८ चा पट्टा थेट सिडनीवरून जातो. तिथे कोणाचे लेक-जावई असतील त्यांनी आत्तापासून कळवून ठेवावं.

टूर बुक करण्याआधी

एकच प्रश्न विचारा: ‘त्या दिवशी आपण पट्ट्याच्या मध्यरेषेपासून किती दूर असणार?’ उत्तर देताना टूरवाला चाचरला तर दुसरा बघा. २०२६ चा पट्टा स्पेनवरून जातो, पण माद्रिद आणि बार्सिलोना दोन्ही त्याच्या काठाबाहेर. शिवाय तिथलं ग्रहण सूर्यास्ताच्या तोंडावरचं, पश्चिमेला डोंगर किंवा इमारत आली की खेळ खलास. २०२७ ला कैरोसुद्धा पट्ट्याबाहेर. पिरॅमिडसमोर फोटो झकास येईल, खग्रास मात्र दिसणार नाही.

बसायचं इजिप्तमधल्याच लक्झरला. तिथे सूर्य ६ मिनिटांहून जास्त वेळ झाकलेला राहील. जमिनीवरून एवढं लांब ग्रहण यानंतर २११४ पर्यंत नाही. वेळ भर दुपारची, सूर्य जवळजवळ डोक्यावर, म्हणून मान मोडून बघण्यापेक्षा सतरंजीवर आडवं व्हावं. पाऊस तिथे वर्षानुवर्षं पडत नाही, पण ऊन चाळिशीच्या पुढचं असतं. टोपी, पाणी, साखर-मिठाची पुडी हवीच. त्याच दिवशी दुपारी उशिरा भोर-वेल्ह्यातही खंडग्रास आहे, ढगांच्या पलीकडे.

पिशवीत पिठाची चाळणी मात्र न विसरता टाका. ग्रहणाचा स्पर्श झाल्यावर ती उन्हात आडवी धरा आणि खाली पांढरा कागद ठेवा. एरवी चाळणीच्या प्रत्येक भोकाखाली उजेडाचा गोल ठिपका पडतो. ग्रहण लागलं की त्या सगळ्या ठिपक्यांच्या एकदम कोरी होतात, जणू कागदावर कोणी करंज्या मांडल्यात. सूर्य झाकत जाईल तशा त्या बारीक होत जातात. मुलं आकाश सोडून चाळणीभोवतीच गोळा होतात.

चष्मा ग्रहणाचा प्रमाणित हवा, एक्स-रेच्या फिल्मवर भागवू नका. चष्मा काढायचा तो पूर्ण खग्रास असेपर्यंतच. सूर्याची कड हिऱ्याच्या अंगठीसारखी पुन्हा चमकली की लगेच परत डोळ्यांवर. आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मोबाइल खिशातच ठेवावा. फोटो काढणारे शेकडो असतात, तुमच्या डोळ्यांनी बघणारे फक्त तुम्ही.

तोंडी लावायला

३० जून १९७३ ला कॉन्कॉर्ड विमान आफ्रिकेवर चंद्राच्या सावलीसोबत पळत राहिलं. आतल्या शास्त्रज्ञांना ७४ मिनिटं खग्रास मिळालं. जमिनीवर साडेसात मिनिटांच्या फार पुढे ते जाऊच शकत नाही.

चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर लांब सरकतोय. सुमारे ६० कोटी वर्षांनी तो सूर्याला पुरा झाकू शकणार नाही आणि मग उरतील फक्त कंकणाकृती ग्रहणं.

दर अमावास्येला ग्रहण का नाही? चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, त्यामुळे बहुतेक वेळा सावली पृथ्वीच्या वरून किंवा खालून निसटते.

आणि ज्यांचा पासपोर्ट नाही त्यांच्यासाठी: भारतातलं पुढचं खग्रास २० मार्च २०३४ ला, लडाखच्या कारगिल भागात. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. गुढी तिकडेच उभारायची असेल तर वेळूची काठी भोरच्या बाजारातूनच न्यावी.