खारा वारा, मतलई वारा

वसईचे मच्छीमार दोन वारे ओळखतात. दिवसा समुद्रावरून येतो तो खारा, रात्री जमिनीवरून समुद्राकडे सुटतो तो मतलई. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आणि मिथेनचा हिशेब ठेवणाऱ्यालाही आधी हीच ओळख लागते. वारा कुठून आला ते ठाऊक नसेल, तर बाटलीतल्या हवेचा आकडा मुका राहतो.

बाटली खरोखरीची, काचेची. गोव्यात काबो द रामाच्या कड्यावर 1993 पासून अर्ध्या लिटरच्या अशा बाटल्या भरल्या जात आणि तपासणीसाठी ऑस्ट्रेलियाला जात. हवा रसायनातून नेऊन कोरडी करायची, तिनेच बाटली खंगाळायची, मग तोटी बंद. भरणाऱ्याने वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं राहायचं, कारण आपल्या उच्छ्वासात बाहेरच्या हवेच्या सुमारे शंभरपट कार्बन डायऑक्साइड असतो. पावसाळ्यात त्या कड्यावर विषुववृत्तापलीकडची हवा येते. हिवाळ्यात येते ती देशातल्या चुली, शेतं, कारखाने ओलांडून. या फरकातून पिकांनी आणि रानांनी ओढून घेतलेला वायूही मोजायचा असतो. एवढ्या साध्या वस्तूकडून एवढं काढून घेणारं काम मला फार मोलाचं वाटतं.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2009 पासून सिंहगडावर असेच नमुने घेतले. संगणकावर वाऱ्याचा माग उलटा काढत ती हवा कुठल्या मुलखावरून आली, हे ठरवता येतं.

आता उपग्रहही आहेत. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबईच्या कांजूरमार्ग कचराभूमीतून तासाला सुमारे 9.8 टन मिथेन निघताना दिसला. दिल्ली, लाहोर, ब्युनोस आयर्ससह पाहिलेल्या चार शहरांचं उत्सर्जन कागदावरच्या अंदाजापेक्षा 1.4 ते 2.6 पट निघालं. मात्र हे उपग्रह परावर्तित ऊन वाचतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढग त्यांचे डोळे झाकतात. तेव्हा कामाला येतं जमिनीवरचं मोजमाप.

म्हणून मला वसईतल्या गोखिवऱ्याच्या भोयदापाड्याची कचराभूमी आठवते. ढिगाच्या पोटात, जिथे हवा पोचत नाही, तिथे जिवाणू ओल्या कचऱ्याचा मिथेन करतात. पहिल्या वीस वर्षांत त्याची उष्णता धरण्याची ताकद तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशीपट. वसईच्याच रानगावच्या किनाऱ्यावर भरलेली बाटली तिथे पुरणार नाही. मध्ये रेल्वे आणि वस्ती येते. खारा वारा स्थिर वाहत असताना एक बाटली ढिगाच्या अलीकडे भरावी, दुसरी पलीकडे, तुंगारेश्वरच्या डोंगराच्या बाजूला.