उन्हाळ्यात केसाळ कुत्र्याला भादरायचे का?

उमरखेड : मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला, की धापा टाकणारा पॉमेरेनियन किंवा जर्मन शेफर्ड पाहून घरच्यांचा जीव कळवळतो. मग ट्रिमर निघतो आणि कुत्रा पार भादरला जातो. हेतू चांगला, उपाय मात्र चुकीचा.

भादरल्याने काय होते?

या जातींच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर लांब, राठ केस. आत कापसासारखी मऊ लव. वरचा थर ऊन अडवतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. सगळी भिस्त धापा टाकण्यावर. त्यामुळे केस काढले की घामाला वारा लागेल, हा हिशेबच बसत नाही. उलट उघडी कातडी उन्हाने भाजते आणि काही कुत्र्यांचे केस पुन्हा नीट उगवतही नाहीत. खरी अडचण गळून आतच अडकलेल्या लवेची. ती साचली, की कातडीपर्यंत हवा पोहोचत नाही.

मग काय करायचे?

रुंद दातांची स्टीलची फणी घ्यावी. केस हाताने वर उचलून मुळापासून, थोडे थोडे विंचरावेत. केस गळण्याच्या दिवसांत हे रोज करावे. निघणारी लव पाहून उशी भरता येईल असे वाटते! कानामागे, काखेत आणि मांड्यांमागे गुंता जास्त होतो. तिथे थेट कात्री लावू नये, गुंत्यासोबत कातडीही ओढली जाते आणि कापते. गुंत्यावर थोडे कॉर्नफ्लोअर चोळून तो बोटांनी सोडवावा.

आंघोळ विंचरल्यानंतरच; ओला गुंता अधिक घट्ट होतो. शाम्पू कुत्र्यांचाच हवा. नंतर मुळापर्यंत कोरडे करावे, नाहीतर ओलीने खाज आणि जखमा होतात.

विंचरतानाच कानात, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली गोचीड पाहावेत. ते चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावेत. त्यांच्यामुळे होणारा गोचीड ताप जीवघेणा ठरू शकतो. गोठ्यातल्या जनावरांसाठी आणलेले गोचिडाचे औषध अंदाजाने कुत्र्याला लावणे तर त्याहून धोक्याचे. प्रमाण चुकले की विषबाधा होते, त्यामुळे पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय बाटली उघडू नये.

कुत्रा लडखडत असेल, लाळ गाळत असेल, हिरड्या लालभडक दिसत असतील, तर तो उष्माघात समजावा. लगेच सावलीत न्यावे, अंगावर साधे पाणी ओतावे, पंखा लावावा आणि त्याच ओल्या अंगाने दवाखाना गाठावा.