ताप किती, यापेक्षा विषाणू कोणता

गरोदरपणात आईला जितका जास्त ताप, तितका पोटातल्या बाळाला धोका जास्त, असा हिशोब बहुतेक घरांत मांडला जातो. तो दोन्ही बाजूंनी चुकतो. फ्लूने आई फणफणली की बाळात व्यंग येणार म्हणून सगळे धास्तावतात. पण फ्लूचा विषाणू सहसा वार ओलांडून बाळापर्यंत पोचत नाही. खरी भीती आईच्या फुफ्फुसांची आणि दिवस भरण्याआधी होणाऱ्या बाळंतपणाची असते. उलट दोन दिवस बारीक पुरळ उठून मावळलं, तर त्याची कुणी दखलही घेत नाही. ते पुरळ रुबेलाचं असू शकतं.

रुबेला हा किरकोळ आजार, अशीच एके काळी डॉक्टरांचीही समजूत होती. 1941 साली सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी जन्मतः मोतीबिंदू असलेल्या 78 बाळांची माहिती मांडली, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेल्याचं दिसलं. पहिल्या बारा आठवड्यांत बाळाचे डोळे, कान, हृदय घडत असतात आणि हा विषाणू नेमका त्या वाढत्या पेशींवर घाव घालतो. या काळात आईला संसर्ग झाला, तर शंभरातल्या नव्वदपर्यंत बाळांवर परिणाम होऊ शकतो. विसाव्या आठवड्यानंतर व्यंग क्वचितच येतं. झिकाही असाच गुपचूप येतो. बाधितांपैकी पाचातल्या चौघांना काहीच जाणवत नाही, तरी बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला महाराष्ट्रातला पहिला रुग्ण सापडला आणि 2024 मध्ये पुण्यात गरोदर स्त्रियांनाही झिकाची लागण झाली, तेव्हा हा आजार आता आपल्याला परका राहिलेला नाही.

मग पहिले तीन महिने सरले की सुटलो, असं म्हणावं का? तेही नाही. कांजिण्यांमुळे व्यंग येण्याची शक्यता पहिल्या वीस आठवड्यांत फार तर शंभरात एक-दोन. पण बाळंतपणाच्या पाच दिवस आधीपासून नंतरच्या दोन दिवसांपर्यंत आईला पुरळ उठलं, तर नवजात बाळाचा जीव धोक्यात येतो. कारण विषाणू त्याच्यापर्यंत पोचतो, आईची प्रतिपिंडं मात्र तोवर पोचलेली नसतात. दूषित पाण्यातून होणाऱ्या हिपॅटायटिस ई या काविळीत तर आईच दगावू शकते. एरवी बहुतेक लोक यातून आपोआप बरे होतात, पण भारतातल्या साथींमध्ये शेवटच्या तिमाहीतल्या बाधित स्त्रियांत शंभरात वीस-पंचवीसपर्यंत मृत्यू नोंदले गेले आहेत. अशा वेळी गळ्यात काविळीची माळ घालून चार दिवस वाट पाहणं जिवावर बेतू शकतं.

आजार दिसत नसेल तर सरसकट तपासण्या कराव्यात, हा यावरचा उपाय वरवर रास्त वाटतो. पण अशा संसर्गांच्या प्रतिपिंडांसाठी रक्त तपासणाऱ्या ‘टॉर्च’ चाचणीने आपल्याकडे किती गोंधळ घातला आहे, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना ठाऊक आहे. अहवालात आयजीजी पॉझिटिव्ह दिसलं की घरात रडारड सुरू होते. त्याचा अर्थ बहुधा इतकाच, की संसर्ग पूर्वी कधीतरी होऊन गेला किंवा लस घेतलेली आहे. रुबेलाच्या बाबतीत तर ही चांगली बातमी. ताज्या संसर्गाची खूण मानलं जाणारं आयजीएमही कधी खोटं पॉझिटिव्ह येतं, कधी महिनोन्‌महिने रक्तात रेंगाळतं, म्हणून त्या एका कागदावर गर्भपाताचा निर्णय घेणं चूक आहे. पुरळ, रुग्णाशी आलेला संपर्क किंवा सोनोग्राफीतली शंका, असं काही कारण असेल तेव्हाच नेमकी तपासणी अर्थपूर्ण ठरते.

लशींबद्दलही ‘गरोदरपणी काहीच टोचून घेऊ नये’ हा अर्धाच खरा सल्ला आहे. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या लशी जिवंत विषाणूंच्या असल्याने त्या दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधी घ्याव्यात. चुकून गरोदरपणात घेतली गेली, तरी तेवढ्यावरून गर्भपात करायचं कारण नाही. फ्लूची टोचायची लस निष्क्रिय विषाणूची असते. ती गरोदर स्त्रीला चालते आणि आईची प्रतिपिंडं बाळाला पहिले काही महिने पुरतात. हिपॅटायटिस बीची लस तर बाळालाच जन्मापासून 24 तासांच्या आत द्यायची असते, आणि आई बाधित असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही. एवढं झालं, की अशा आईने बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही.